घोडी की गाडी

मुक्ताबाईंना पहिला संशय आला तो तांबड्या कोंबडीमुळे.

ही कोंबडी पिकपच्या सीटखाली अंडी घालायची. सासरे तात्या गेले तेव्हापासून पिकप गोठ्याच्या कडेला उभी होती, आणि उभ्या उभ्या ती माणसांची कमी आणि कोंबड्यांची जास्त झाली होती. मागच्या आठवड्यात धाकट्या दिराने, सिद्धूने, ती ट्रॅक्टरला बांधून उसापलीकडच्या आपल्या दारात ओढून नेली. कोंबडीला आता अंडं कुठं घालावं ते कळेना. घरभर ओरडत फिरली आणि शेवटी चुलीमागच्या राखेत जाऊन बसली. सकाळी मुक्ताबाई बघतात तर सासूबाईंनी जुन्या पाटीत भुस्सा भरून, वर चिंधी अंथरून तिची सोय लावून टाकलेली.

इथवर ठीक होतं. सत्तरी उलटली तरी भागूबाईंच्या हाताला रिकामं बसणं माहीत नव्हतं. पण पाटी कोपऱ्यात सरकवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हितनं हलवू नगंस. तिला बसाय अंधार लागतो. मी नसल्यावर तुज्या ध्यानात ऱ्हानार न्हाय, म्हनून सांगती."

"नसल्यावर म्हंजी? कुठं निघालाय आत्याबाई?"

"जायाचंच की आता. घोडी चालू झाली की."

एवढं बोलून त्या घोंगडं धुवायला पाटावर निघून गेल्या. मुक्ताबाई तिथंच उभ्या राहिल्या. घोंगडं थंडी संपल्यावर धुतात. अजून ऊस तुटायचा होता, रोज उसाच्या गाड्या भवानीनगर कारखान्याच्या वाटेला लागत होत्या, थंडी अंगात शिरत होती, आणि म्हातारी घोंगडं धुवायला निघाली होती.

घोडी म्हणजे ती पिकपच. कोकरे मंडळींच्या घरात तिला पिकप कुणी म्हणत नसे. मेंढरं होती तोवर घराकडे एक घोडी असायची. दिवाळी उरकून बिऱ्हाड कोकणाच्या अंगाला निघालं की तिच्या पाठीवर भांडीकुंडी, चालता न येणारी कोकरं आणि सगळ्यांच्या वर घरातली म्हातारी बसायची. पुढे तात्यांनी मेंढरं मोडून लासुर्ण्यात ऊस लावला. त्याच सालात घोडीही विकली आणि कुठल्याशा लिलावातून ही पिकप घरी आणली. बायकोने विचारलं, हे काय आणलं? तात्या म्हणाले, घोडी. तेव्हापासून ती घोडीच.

आणि घोडीच्या मागोमाग एक रीत चालत आली होती. भावाभावांच्या वाटण्या झाल्या की घोडी ज्याच्याकडे जाईल, त्याच्याकडे म्हातारी जायची. चार माणसांत 'आईला तू ने' म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही, म्हणून लोक म्हणायचे, 'घोडी तू ने.' ऐकणाऱ्याला कळायचं. म्हातारीलाही कळायचं. मग घोडी दारात यायची, म्हातारी तिच्यावर बसायची आणि मुकाट्याने दुसऱ्या लेकाच्या दारात उतरायची. तात्यांच्या मागे वाटणी झाली तेव्हा भागूबाईंचा भाऊ सावळाराम, म्हणजे पोरांचे मामा, मधे बसले होते. त्यांनीही एवढंच म्हटलं होतं, "घोडी दादासाहेबाच्या दारात." दादासाहेब म्हणजे थोरला लेक, मुक्ताबाईंचा नवरा. तोवर पिकपची चाकं मातीत बसली होती, इंजिनानं दम सोडला होता, पण म्हातारीची व्यवस्था झाली होती.

मुक्ताबाईंना आता रविवारची पंगत आठवली. मामा जेवायला होते. सिद्धूने मान खाली घालून विषय काढला होता. इंदापुरात तो ज्यांचा टेम्पो चालवायचा त्यांनी टेम्पो विकला. आता घरचीच वांगी-टोमॅटो आहेत, जुनी गाडी दुरुस्त करून बघतो, बारामती-इंदापूरच्या बाजाराला उपयोगी पडेल. मागणं सरळ होतं. पण त्या दिवशी ऊसतोडीची टोळी सांगून आली नव्हती आणि दादासाहेबांचं डोकं तापलेलं होतं. ते कडाडले, "ने की बाबा ती घोडी! एकदाची ने माज्या दारातनं. नुसती जागा अडवून बसलीय. कामाची न्हाय धामाची न्हाय, गंज तेवढा चढतोय."

पंगत हसली. दादासाहेबांना म्हणायचं होतं गाडी. तोंडातून गेलं घोडी. एवढासा फरक. पण समोर मामा बसले होते, आणि आत चुलीपुढे भाकरी थापणारा भागूबाईंचा हात तेवढ्यापुरता थांबला होता. मुक्ताबाईंनी ते पाहिलं होतं. त्यांना वाटलं होतं, चटका बसला असेल.

एक मात्र सांगायला हवं. मुक्ताबाई माहेरी गेल्या की सासूचं गाऱ्हाणं पुरवून पुरवून सांगत. मीठ झाकून ठेवते, दुधावर नजर ठेवते, माझ्या भाकरीला नाव ठेवते. ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई सासू जाण्याची वाटच बघत असेल. आता सासू खरोखरच निघाली म्हटल्यावर त्यांना घरात थांबवेना. त्या तशाच पदर खोचून उसाकडे निघाल्या.

दादासाहेब दार मोडत होते. म्हणजे फावड्याने एका सरीचं पाणी बंद करून दुसरीला देत होते.

"अवं, तुमी आत्याबाईस्नी घराभाईर काडलंय."

"डोस्कं फिरलं का तुजं?"

"माजं न्हाय. रविवारी तुमचं फिरलं व्हतं. सिद्धू भावजींना काय म्हनला तुमी? मामांच्या म्होरं?"

"गाडी ने म्हनलो."

"घोडी ने म्हनला."

दादासाहेबांचं फावडं थांबलं. सरी फुटून पाणी भलतीकडेच धावायला लागलं, तरी ते बघत राहिले.

"आन वर म्हनला, जागा अडवून बसलीय," मुक्ताबाई म्हणाल्या.

"आगं पर..."

"कामाची न्हाय धामाची न्हाय म्हनला. गंज चढतोय म्हनला."

"पुरं कर!"

"मी करती पुरं. त्यांनी घोंगडं धुवाय नेलंय. जावा आन सांगा त्यास्नी, तसं न्हवतं म्हनावं."

"काय सांगू? आये, मी तुला गंजलीस म्हनलो न्हाय, असं सांगू?"

"व्हय. तसंच सांगा. त्यात काय बिगाडलं?"

बिघडत काहीच नव्हतं. पण हा माणूस तहसील कचेरीत साहेबासमोर हात आपटून बोलणारा. आईसमोर मात्र त्याच्याकडे दोनच वाक्यं असायची. 'जेवलीस का' आणि 'रेडकू प्यालं का'. लहानपणी आणखी असतील, ती पुढे कुठं गळाली कुणास ठाऊक. आजी चुलत्याच्या दारातून घोडीवर बसून आपल्या दारात आली होती, ते दादासाहेबांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आजी उतरली तेव्हा तिने कुणाकडेच बघितलं नव्हतं. ते तोंड त्यांना आता आठवलं. आईला काही सांगण्यापेक्षा सिद्धूकडून पिकपच परत आणावी, हे त्यांना सोपं वाटलं. पिकप दारात आली की आई राहिली. बोलायलाही नको.

पुरुषांना जे सोपं वाटतं त्यातून निम्मी भांडणं होतात.

सिद्धूच्या दारात लिंबाखाली पिकपचं बाळंतपण चाललं होतं. चारही चाकं काढून ती दगडांवर चढवली होती. बॉनेट उघडं, दरवाजे भिंतीला टेकवलेले, हौद्याच्या कुजलेल्या फळ्या काढून तिथं बाभळीच्या नव्या ठोकलेल्या. सीटच्या काथ्यात उंदरांचं खटलं निघालं होतं, ते त्याच्या बायकोने, सुकन्याने, झाडूने हाकललं. तिने पॉलिश पेपर घेऊन पुढच्या मडगार्डचा गंज स्वतःच्या हाताने घासला होता, आणि खालून जुना निळा रंग निघाल्यावर ती उगाचच खूश झाली होती.

आत्ता ती डिझेलच्या हातपंपाचा खटका खालीवर करत होती आणि सिद्धू नोझलचा नट ढिला करून लाइनीतली हवा काढत होता.

"मार. मार. थांब. बुडबुडं हायत अजून. मार."

मामा बाजेवर बसून सल्ले देत होते. त्यांचं एक काम मात्र नक्की झालं होतं. रेडिएटर डाग देऊन आणला तरी खालून थेंब थेंब गळत होता. हळद टाकली की बारीक भोक बुजतं, हे ड्रायव्हर लोकांना माहीत असतं. घरातली हळद संपलेली. मामांनी कनवटीची भंडाऱ्याची पिशवी काढली, देवाचं नाव घेतलं आणि निम्मी पिशवी रेडिएटरात ओतली. गळती थांबली. ती हळदीने थांबली की देवाने, यावर मामांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

तेवढ्यात दादासाहेब आले. सुकन्याने पदर सारखा केला आणि बाजूला झाली.

दादासाहेबांनी पिकपला एक फेरी मारली. फळ्यांवरून हात फिरवला. "चांगलं काम केलंस," म्हणाले. सिद्धूचं तोंड फुललं. थोरल्या भावाकडून असं काही ऐकायची त्याला सवय नव्हती.

"सिद्धू, घोडी परत पायजे मला."

सिद्धूच्या हातात पाना तसाच राहिला. "परत?"

"व्हय."

"आरं दादा, क्लच नवा टाकला. ब्रेकला लायनर बसवलं. बारामतीच्या जुन्या बाजारात हिंडून हिंडून एकएक नग आनला. आन आता परत?"

"मी तुला दुसरी गाडी बघून देतो. चांगली बघू. ही तेवढी ऱ्हाऊ दी माज्या दारात."

"हिच्यात काय हाय एवढं?"

दादासाहेबांचं तोंड उघडलं. सुकन्या बघत होती. त्या तोंडातून काहीतरी मोठं बाहेर यायला निघालं होतं, ते मधेच अडलं.

"काय न्हाय," ते म्हणाले. "जुनी हाय. सवय झालीय."

"जागा अडवून बसलीय म्हनलास की. गंज चढतोय म्हनलास. आता म्या गंज काडला तर सवय झाली व्हय?"

"तुला समजत न्हाय."

"न्हायच समजत. वाटनीत चांगली जमीन कुनाला गेली ते समजलं न्हाय, आता हेबी समजत न्हाय."

"जमिनीचं काडू नगंस मदी!"

"मग घोडीचं काडू नगंस तू!"

दादासाहेब आले तसे निघून गेले. उसाच्या कडेने त्यांची पाठ दिसेनाशी झाली. मग मामा हसले. "शब्द गेलाय आता. परत कसा येतोय? घोडी गेली म्हंजी आक्काबी गेली."

"आयेचा काय संबंध?" सिद्धू म्हणाला.

"आरं तिच्या मारी! तुला ठावंच न्हाय?" मामांच्या ध्यानात आलं, घोडी विकली तेव्हा हा कडेवर होता. मग त्यांनी ती रीत सांगितली, अगदी रंगवून सांगितली. सिद्धू ऐकता ऐकता खाली बसला.

"म्हंजी आयेला दिऊन टाकली त्यानं. भर पंगतीत. जागा अडवती म्हनला," तो हळू आवाजात म्हणाला. "आन आज आला ते गाडी मागाय आला. आयेचं नाव न्हाय. लोखंड तेवढं परत पायजे."

मामांनी नुसती हनुवटी खाजवली.

सुकन्याला तसं वाटत नव्हतं. लोखंड मागायला आलेल्या माणसाचं तोंड असं नसतं. हे तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ती बोलली नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून सासू थोरल्या घरात, आणि थोरल्या जावेकडे बोट दाखवून गावातल्या बायका विचारायच्या, "सासूला तुज्याकडं करमत न्हाय का गं?" या एका प्रश्नाने तिचं किती रक्त आटलं होतं ते तिचं तिला माहीत. आता सासू येणार होती. गैरसमजातून का होईना, येणार होती. सुकन्या उठली आणि चूल सारवायला घेतली. त्या दिवशी तिच्या मनाला थोडं टोचत होतं, हेही खरं.

पिकप चालू होईपर्यंत दोन्ही घरांत शब्दाला शब्द लागला नाही. उसाच्या पलीकडून कधी घणाचे घाव ऐकू यायचे, कधी सेल्फ मारल्याची नुसतीच घरघर. घरघर ऐकली की दादासाहेबांच्या हातातला घास थांबायचा, आणि बंद पडली की परत तोंडाकडे जायचा. मुक्ताबाईंनी उघड उघड देवाला साकडं घातलं, की ती गाडी कधीच चालू होऊ नये. आणि एका सकाळी, भाकरीसुद्धा झाल्या नव्हत्या तेव्हा, पलीकडून भडभड आवाज आला. यावेळी तो थांबला नाही.

भागूबाई आंघोळ करून, धुवट हिरवं लुगडं नेसून बसल्या होत्या. पायाशी गाठोडं. चहा झाला. दादासाहेब समोरच्या खांबाला टेकून बसले होते आणि बशीतला चहा निवून गेला होता.

भागूबाई लेकाकडे बघत होत्या. आत्ता बोलेल, मग बोलेल. पंगतीच्या दिवसापासून त्या बघत आल्या होत्या. त्यांना काय हवं होतं ते फार नव्हतं. एरवी हात आपटून बोलणाऱ्या पोराने एकदा, अगदी रागावून का होईना, म्हणावं, कुठं चाललीस? आपण आपली जागा सोडून निघालो आणि कुणी पदर धरला नाही, असं होऊ नये.

"आये," दादासाहेब म्हणाले.

"बोल."

"रेडकू प्यालं का?"

"प्यालं," भागूबाई म्हणाल्या आणि गाठोडं उचललं.

पिकप उसाच्या वाटेने झोकांड्या खात आली. पुढे निळी, मागे नुसता लाल प्रायमर मारलेली. मामा हौद्यात उभे राहून भंडारा उधळत होते. सुकन्या आपल्या लहानग्या पोरीला मांडीवर घेऊन पुढे बसली होती. सिद्धूने गाडी अगदी उंबऱ्याजवळ आणली. भावाकडे बघितलंसुद्धा नाही. आईला न्यायला आलोय आणि इंजिन तसंच धडधडत ठेवून कसं उतरायचं, म्हणून त्याने चावी फिरवली, गाडी बंद केली, खाली उतरला आणि आईच्या पाया पडला.

"बंद का केलीस रं येड्या!" मामा हौद्यातून ओरडले. "ब्याटरीत जीव न्हाय, ठावं हाय की!"

खरंच नव्हता. बॅटरी मागून आणलेली होती, ती जेमतेम एकदा फिरली होती. सुकन्या पोरीला घेऊन खाली उतरली. भागूबाई पुढे चढून बसल्या. मुक्ताबाईंनी रडत रडत फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून आणला, वाटेत खायला म्हणून. वाट एका उसाच्या फडाएवढी होती. ते त्यांच्याही लक्षात आलं, तरी त्यांनी ते गाठोडं सासूच्या मांडीवर ठेवलंच. सिद्धूने सेल्फ मारला. टक्. परत मारला. टक्.

"धक्का मारा," मामा म्हणाले.

सुकन्याने पोर मामांकडे दिली आणि मागे हात लावला. मुक्ताबाईंनी डोळे पुसून लावला. गाडी जरा हलली आणि परत मागे आली. सगळ्यांचे डोळे दादासाहेबांकडे वळले. तेवढं अंग घरात दुसऱ्या कुणाला नव्हतं.

"मी ढकलनार न्हाय," दादासाहेब म्हणाले.

सिद्धू खिडकीतून वाकला. "का? गाडी गेल्याचं दुःख व्हतंय व्हय?"

"तुजी गाडी घाल खड्ड्यात!" दादासाहेब असे ओरडले की गोठ्यावरचे कावळे उडाले. "गाडी न्हाय, आये चाललीय माजी! माज्या हातानं ढकलून भाईर काडू का तिला? आँ? मी गाडी म्हनलो व्हतो रं. तोंडातनं घोडी गेलं. गाडी ने म्हनलो व्हतो मी!"

त्यांचा आवाज फाटला. एवढा मोठा माणूस, भावकीत ज्याच्या शब्दाला वजन, तो हात कुठं ठेवावेत ते न कळून उभा होता. सिद्धू हळूच खाली उतरला. त्याचं तोंड उतरलं होतं.

"मग त्या दिवशी आलास तवा तसं का न्हाय बोललास?"

"काय बोलू? आयेला घालवली न्हाय, एवढं सांगाय भावाच्या दारात याचं?"

"मी तुला काय काय बोललो..."

"बोललास ते बोललास."

"ऱ्हाऊ दी मग," सिद्धू म्हणाला. "आये, उतर खाली. दादाकडंच ऱ्हा. गाडी मी नेतो, गाडी म्हनून."

सुकन्याने मान फिरवली. चूल सारवली होती, बाजेवर धुवट वाकळ अंथरली होती. पण ती म्हणाली, "व्हय आत्याबाई. थोरल्या भावजींचं खरं हाय. मला त्या दिवशीच कळलं व्हतं. मी बोलले न्हाय." आणि मग तिला रडू आलं.

मुक्ताबाई पुढे झाल्या आणि सासूला उतरवायला हात पुढे केला. भागूबाईंनी तो धरला नाही.

"झालं सगळ्यांचं?" त्या म्हणाल्या. "मला इचारलं का कुनी?"

कुणीच विचारलं नव्हतं.

"दादा, तुला गाडी म्हनायचं व्हतं, ते मला तवाच कळलं व्हतं. तुला मी पोटातनं काडलाय. तुजी जीभ कुठं घसरती ते मला ठावं न्हाय व्हय? म्या आपली वाट बघत व्हते, तू ऱ्हा म्हनशील म्हनून. तू रेडकाचं इचारत बसलास."

दादासाहेब खाली बघू लागले.

"आज म्हनलास. ऐकलं मी. लय बरं वाटलं." त्यांनी लुगड्याच्या पदराने डोळे टिपले आणि लगेच आवाज चढवला. "पर आता मी जानार. ही छकुली मला पाव्हनी म्हनती. पाव्हनी आली, पाव्हनी चालली, म्हनती. माज्या लेकाच्या लेकीची मी पाव्हनी? ती मला आज्जे म्हनंस्तवर मी तितनं हलनार न्हाय. सुकन्या, रडू नगं. रडायला झालंय काय? मीठ झाकून ठिवत जा म्हंजी झालं."

"आन आमी?" मुक्ताबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"तू काय लहान हाईस? कोंबडीवर ध्यान ठिव." मग त्या जरा थांबल्या. "मुक्ते, तुज्यासारकी भाकरी तिला येत न्हाय. ही पुरवून खानार मी."

इतक्या वर्षांत सासूने पहिल्यांदा भाकरीला चांगलं म्हटलं होतं. मुक्ताबाई मडगार्डला टेकून जोरात रडायला लागल्या.

"दादा, ये. लाव हात."

"माज्या हातानं व्हनार न्हाय, आये."

"तुज्याच हातानं व्हायला पायजे. लेक सासरी जाती तवा बाप तिला हाकलून देतो का? तिला पोचवतो. तसा मला पोचीव. तू हात लावल्याबिगर गाडी चालू झाली तरी मी परत उतरीन, सांगून ठिवती."

दादासाहेब मागे गेले. धोतर वर खोचलं. दोन्ही तळहात नव्या फळ्यांवर टेकले आणि मान खाली घातली. सिद्धू परत आत बसला, गियर टाकला, क्लच दाबून धरला. पुढे सीटवर आईचा पांढरा अंबाडा मागच्या काचेतून दिसत होता, म्हणून दादासाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"हं," मामा म्हणाले.

ते ढकलायला लागले. एकटेच. दोघी जावांनी हात लावायच्या आत गाडी हलली होती. पायाखालची माती सरकली, गाडीने वेग घेतला, सिद्धूने क्लच सोडला. एक हिसका बसला, काळा धूर निघाला आणि पिकप भडभडत पुढे उडाली. हाताखालचं लाकूड एकाएकी निघून गेलं आणि दादासाहेब होते तसे तोंडावर पडले. दोन्ही गुडघे आणि तळहात सोलून निघाले.

"थांबीव!" भागूबाई आतून ओरडल्या.

"थांबवली तर बंद पडंल आये!"

मग त्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. गाडी उसाच्या वळणाला लागली होती. त्या वयात तो आवाज कुठून आला कुणास ठाऊक, पण सगळ्या शिवाराला ऐकू गेला.

"दादाऽ! लागलं का रंऽ?"

दादासाहेब हातागुडघ्यांवर तसेच होते. नेहमीसारखं न्हाय म्हणायला त्यांनी मान वर केली.

"व्हयऽ!" ते ओरडले. "लय लागलं, आयेऽ!"

"मग सांजच्याला येऽ! शेकून देतीऽ!"

गाडी उसाआड गेली. दादासाहेब उठून उंबऱ्यावर जाऊन बसले. मुक्ताबाईंनी गुडघ्यावरची माती झाडायला पदर पुढे केला, तर ते म्हणाले, आत्ता नको, तसंच राहू दे. आणि सांज व्हायला अख्खा दिवस बाकी असताना ते तिथंच उसाच्या वाटेकडे तोंड करून बसून राहिले.